आवाजाची साठवण

जोंधळा कसा साठवावा हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. गावच्या पांढरीत पुरुषभर खोल पेव खणायचं, तळाला आणि भोवतीनं कडबा-भुसकट लावायचं, उन्हात खडखडीत वाळलेली ज्वारी आत ओतायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं आणि विसरून जायचं. आठवण व्हायची ती पाऊस रुसल्यावर. तेव्हाही पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो हे ठाऊक असल्यानं आधी वारं खेळू द्यायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा आणि कंदील विझला नाही तरच माणूस. घरात भिंतीतलं बळद, बळदात राख, कणगीत कडुलिंबाचा वाळका पाला. आभाळावर भरवसा न ठेवणाऱ्या या मुलखानं धान्य, सरपण, पाणी, लग्नातली भांडी आणि भावकीतले राग, सगळं पिढ्यान् पिढ्या नीट साठवलेलं आहे. आवाज साठवायची वेळ आली तेव्हा मात्र आमच्या घराचं हे वडिलोपार्जित शहाणपण तोकडं पडलं.

निमित्त बांधकामाचं. नांदेडचं आमचं जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं ठरलं. माणसांची सोय भाड्याच्या दोन खोल्यांत झाली, अण्णांच्या सेटची होईना. या सेटमध्ये काय काय येतं ते आईलाही नेमकं सांगता येत नाही. त्यात व्हिडिओकॉनचा रंगीत टीव्ही आहे, 'महाभारत' सुरू झालं त्या सुमाराचा. या कंपनीचा कारखाना तेव्हाच्या औरंगाबादजवळ, चितेगावला. म्हणून अण्णा त्याला 'आपल्याकडचा टीव्ही' म्हणतात, आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्याची बातमी वाचली तेव्हा त्यांनी उठून टीव्हीवरची धूळ पुसली होती. सौदीहून परतलेल्या शेजाऱ्यानं विकलेला व्हीसीआर आहे. हैदराबादला कोठीतल्या गुजराती गल्लीतून आणलेला ॲम्प्लिफायर आणि दोन कॅसेटींचा डेक आहे. नांदेडच्या माणसाला मनाजोगती वस्तू घ्यायची तर पाय आपसूक हैदराबादकडे वळतात, १९५६ पर्यंतची राजधानीच ती. वजिराबादेतल्या सुतारानं प्लायवुडची खोकी करून दिलेले कमरेएवढे दोन स्पीकर आहेत. आणि सगळ्यांत धाकटं, पाच चिमुकले स्पीकर आणि एक जाडजूड वूफर असलेलं डीव्हीडी होम थिएटर. भंगारवाल्याला दाखवलं तर त्यानं काटा काढला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

एका अर्थी ही यंत्रं घरात आली त्याच दिवसापासून साठवणीत होती. टीव्ही आला त्या संध्याकाळी आईनं त्याच्यासाठी झालरीचं अभ्रं शिवायला घेतलं. भरतकामातला मोर नेमका पडद्याच्या मधोमध आला होता, त्यामुळे बंद टीव्ही चालू टीव्हीपेक्षा देखणा दिसे. रिमोटवरचं प्लास्टिक आमच्याकडे कधीच निघालं नाही. आतली बटणं पुसट दिसायला लागली तेव्हा प्लास्टिकवर बॉलपेननं आकडे लिहिले गेले. टीव्हीच्या आधी स्टॅबिलायझर लावायचा, त्याची सुई दोनशेवीसवर स्थिरावेपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. आमच्या लहानपणी एवढी शांतता घरात फक्त आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीला असे. व्हीसीआर लावायचा तो पाहुणे आले तर, होम थिएटर लावायचं ते जावई आले तर, आणि मोठे स्पीकर पूर्ण आवाजात ऐकायचे ते गल्लीतलं एखादं लग्न चुकून मुक्या मांडवात लागत असेल तर. वापरायच्या आधीच जपून ठेवायचं आणि जपून ठेवता ठेवता वस्तू जुनी होऊ द्यायची, ही आमच्याकडची रीत. पैठणीचंही हेच होतं. चांगल्या कपबशांचं तर विचारूच नका.

होम थिएटरची तर मजाच होती. पाच स्पीकर माणसाच्या भोवती मांडायचे आणि सहावा वूफर कोपऱ्यात, जेणेकरून ऐकणारा आवाजाच्या मधोमध बसेल, असं पुस्तिकेतल्या चित्रात दाखवलं होतं. चित्रातल्या माणसाच्या मागे मोकळी भिंत होती. आमच्या दिवाणामागे एका अंगाला स्वयंपाकघराचं दार आणि दुसऱ्या अंगाला देवघर. वायर जिथवर पोचली तिथे स्पीकर बसले. मागचा उजवा फोडणीच्या डब्याशेजारी आणि मागचा डावा खंडोबाच्या टाकांच्या वर. त्यामुळे सिनेमात हेलिकॉप्टर मागून आलं की ते देवघरातून यायचं, आणि आजी, जी पडद्याकडे पाठ करून जपमाळ ओढत बसलेली असे, ती न चुकता डोक्यावरचा पदर सावरायची. पुढे तिला त्या स्पीकरची इतकी सवय झाली की एकदा वायर निघाल्यावर तिनंच पहिल्यांदा सांगितलं, 'आज देव गप हाय.'

तर हे सगळं बांधून ठेवायचं. कसं, ते विचारायला अण्णांनी इतवाऱ्याकडच्या उस्तादांना बोलावलं. उस्ताद म्हणजे आमच्याकडच्या यंत्रांचे जुने वैद्य. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून त्यांनी सगळ्यांच्या नाड्या पाहिलेल्या, दृष्टी आता अधू झाली आहे तरी सोल्डरचा वास आला की वाट सापडते म्हणतात. त्यांनी सेटभोवती एक फेरी मारली, ॲम्प्लिफायरवर तळहात ठेवला आणि म्हणाले, 'साब, इसकू रखते नै. इसकू चलाते. मशीन कू आराम नक्को, काम होना.' अण्णांना वाटलं, म्हाताऱ्याला प्रश्न ऐकू आला नाही. त्यांनी तो पुन्हा, मोठ्यानं विचारला. उस्तादांनीही तेच उत्तर पुन्हा, मोठ्यानं दिलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं ते फार मोलाचं होतं. यंत्राच्या पोटात जे नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात त्यांत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा सूक्ष्म थर असतो, आणि सगळं धरून ठेवतो तो हाच. वीज मिळत राहिली तर तो टिकतो, वर्षानुवर्षं मिळाली नाही तर विरळ होत जातो. अशा यंत्राला एके दिवशी एकदम दोनशेतीस व्होल्ट दिले की कपॅसिटर फुगतो, कधी फट्‌दिशी जातो. म्हणून बंद ठेवायचंच असेल तर अधूनमधून अर्धा तास चालवायचं. फार दिवसांनी चालवायचं असेल तर मधे शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. बल्ब आधी भपकन पेटून मंदावला तर ठीक, तसाच जळत राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, प्लग काढा. मला पेवातला कंदील आठवला. शतकानुशतकं माणसं उतरण्याआधी दिवा सोडतात ते काही उगीच नाही.

आणि जागा? जागेचा प्रश्न अण्णांच्या लेखी सुटलेला होता. भाड्याच्या घरावर पत्र्याची खोली होती आणि तीत माळा होता. मराठी घरात जे टाकवत नाही आणि लागत नाही ते माळ्यावर जातं, याला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. उस्तादांनी घेतली. कपॅसिटरचा हिशेब असा की उष्णता दहा अंशांनी वाढली की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. मे महिन्यात नांदेडचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, त्यात पत्र्याखालचा माळा. तिथं यंत्र ठेवणं म्हणजे ते जपून ठेवणं नव्हे, सावकाश भाजणं.

मग लातूरच्या मावशीचं घर सुचलं. तिच्याकडे खाली थंड खोली आहे, पण त्या खोलीत २०१६ पासून टाक्या आहेत. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. १२ एप्रिलला पहाटे दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली तेव्हा स्टेशनात लोक तिला पाहायला जमले होते. तेव्हापासून मावशीला रिकामं भांडं आणि रिकामी जागा दोन्ही पाहवत नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि जगात नवे व्हीसीआर निघायचेच बंद झाले. लातूरकरांना या बातमीचं सुतक पाळायला सवड नव्हती. मावशी म्हणाली, 'ठिव की बाई, पण टाकीवर ठिवावं लागंल.' पाण्याच्या डोक्यावर ॲम्प्लिफायर ही कल्पनाच अण्णांना सहन झाली नाही.

राहिलं गाव. अहमदपूर तालुक्यात आमचं माळवदाचं घर अजून उभं आहे. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर सागाचे सर, त्यावर फळ्या-चिपा आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. माजघरात भर उन्हाळ्यात उघड्या पायांना फरशी गार लागते. कपॅसिटरसाठी मुद्दाम बांधावं असं घर. पण या घराचं नाव काढलं की अण्णा थोडे थांबतात. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती बोळवून गावं झोपलेली असताना पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरकडची जमीन हलली, आणि हजारो माणसं याच गार, जाड, मातीत बसवलेल्या भिंतींखाली गेली. आमच्या गावाला तडे गेले, तेवढ्यावर निभावलं. तरी त्यानंतर किती तरी वर्षं आजोबा माजघरात झोपले नाहीत. अंगणात पत्र्याची खोली घातली, उन्हाळ्यात तीत भाजून निघाले, पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजानं जागे राहिले, पण माळवदाखाली अंग टाकलं नाही. ज्वारी मात्र आतच राहिली, आणि बसकर, पितळेचं घंगाळ, आजीची पेटी. माणूस बाहेर आणि वस्तू आत, असं ते घर बरीच वर्षं होतं. अण्णा म्हणाले, 'चालंल. तिथंच ठिवू. ह्याला काय भ्या?' आणि टीव्हीवर थोपटलं.

बांधाबांध हा एक सोहळाच झाला. उस्ताद खुर्चीवर, अण्णा जमिनीवर, मी कागद-पेन घेऊन. सगळ्यांत आधी रिमोटमधले सेल काढले. एका रिमोटमधले फुटलेले होते आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी धरली होती. उस्तादांनी कापसाला व्हिनेगर लावून ती अशा हलक्या हातानं पुसली की पाहताना आपल्याच डोळ्यातलं कुसळ निघाल्यासारखं वाटावं. व्हीसीआरच्या पोटात एक कॅसेट अडकून राहिली होती, ती सोडवली. आत टेप ठेवून यंत्र वर्षानुवर्षं बंद ठेवलं तर टेप डोक्याला चिकटते आणि रबरी रोलरला खळगा पडतो. डेकचे बेल्ट पाहिले तर एकाचं काळं चिकट डांबर झालेलं. होम थिएटरच्या वूफरची फोमची कड बोट लावताच भुग्यासारखी गळाली. सुताराच्या जुन्या स्पीकरला कापडी कड, ती जशीच्या तशी. या गोष्टीचा अण्णांना झालेला आनंद लपत नव्हता.

प्लास्टिकमध्ये काही गुंडाळायचं नाही, आत दमट हवा कोंडते, असं उस्तादांनी बजावलं. म्हणून आजोबांची जुनी धोतरं काढली. डांबर गोळ्यांनाही मनाई, त्यांच्या वाफेनं काही जातीचं प्लास्टिक मऊ पडतं. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आईनं कित्येक वर्षं एका बरणीत जमवल्या होत्या. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं, आज ते कळलं. त्यातल्या निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की ते पाणी पिऊन तृप्त झाले असं समजायचं आणि तापवून पुन्हा निळे करायचे. आई तवा घेऊन निघाली तेव्हा उस्तादांनी थांबवलं. निळेपण कोबाल्ट क्लोराइडचं असतं, ते विषारी. तवा रोजच्या भाकरीचा नको. मग पत्र्याचं एक जुनं झाकण सापडलं. ज्या घरात सगळं साठवलेलं असतं तिथं काही अडत नाही.

टीव्हीच्या मूळ खोक्यातलं थर्माकोल अण्णांनी इतकी वर्षं जपलेलं. पांढऱ्याचं पिवळं झालेलं, पण टीव्हीच्या अंगाबरोबर बसणारं. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या ताटांवर आणि मखरांवरही बंदी आली, तेव्हा शेजारच्या मंडळाच्या पोरांनी या तुकड्यांवर डोळा ठेवला होता. अण्णा त्या गणपतीत माळ्याखाली खुर्ची टाकून बसले होते. आता सगळ्या वायरींना चिठ्ठ्या लावल्या गेल्या. उस्ताद सांगत होते 'लाल, उजवा', मी लिहीत होते. मागच्या डाव्या स्पीकरच्या चिठ्ठीवर अण्णांनी स्वतः लिहिलं, 'देवघर'.

छोटा हत्ती सकाळीच लागला. टीव्ही उचलताना पडदा छातीकडे धरायचा, कारण सगळं वजन काचेत असतं, हे अण्णा हमालांना ज्या आवाजात सांगत होते त्यात मूल कसं धरावं हे सांगणाऱ्या सुईणीचा दरारा होता. मागचं झाकण कुणी उघडायचं नाही, बंद टीव्हीतही पिक्चर ट्यूबपाशी हजारो व्होल्ट दबा धरून असतात. ही माहिती हमालांना सांगायला नको होती. त्यांनी तिथल्या तिथं दर वाढवून मागितला आणि मिळवला. लोह्यापुढं माळेगाव आलं. मार्गशीर्षात इथं खंडोबाची जत्रा भरते, घोडे, गाढवं, उंट लांबलांबून विकायला येतात. आम्ही गेलो तेव्हा माळ मोकळा होता. रस्त्याला मात्र खड्डे होते, आणि प्रत्येक खड्ड्याला मागून वूफरच्या रिकाम्या खोक्याचा एक घुमारा यायचा. अण्णा मान न वळवता म्हणायचे, 'हाय अजून.'

गावी माजघरात, बळदाच्या शेजारी पाटावर सेट मांडला. उंदरांसाठी खोक्यांच्या भोकांना जाळी ठोकली. धाकट्या चुलतभावाला उस्तादांची सगळी पथ्यं लिहून दिली. पौर्णिमेच्या पौर्णिमेला अर्धा तास, सिरीज बल्ब लावून, स्टॅबिलायझरची सुई बघून. तो म्हणाला, 'ताई, पण लावायचं काय? ह्याच्यावर काय दिसना.' खरंच होतं. दूरदर्शनची जुनी जमिनीवरची प्रक्षेपणं आता जवळपास सगळी बंद झाली आहेत. अँटेना लावला तरी टीव्हीवर नुसत्या मुंग्या. तेव्हा त्याला व्हीसीआरसोबत एक कॅसेट देऊन ठेवली, हाताला आली ती. कॅसेट उभी ठेव, पूर्ण मागे गुंडाळून ठेव, एवढं सांगितलं आणि आम्ही परतलो.

ती निघाली काकांच्या लग्नाची. हॅलोजनच्या झगझगीत उजेडात काढलेली, चारी कोपऱ्यांतून गुलाब उमलून त्यात काकूचा चेहरा येणारी, हळदीला सनई आणि पंगतीला इंग्रजी बँड लावलेली. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅसेटमध्ये ते मारुतीच्या पारावर फेटा बांधून उभे आहेत, आणि फोटोग्राफरनं खुणावल्यावर घाईनं चष्मा काढून खिशात घालतात, मग नीट न दिसल्यामुळे भलत्याच दिशेला बघून हसतात. पहिल्या पौर्णिमेला चुलतभावानं यंत्र लावलं तेव्हा काकू ज्वारी निवडत होती. सूप मांडीवरच राहिलं. अर्धा तास झाल्यावर त्यानं नियमाप्रमाणे बंद केलं. काकू काही बोलली नाही, पण पुढच्या पौर्णिमेला तिनंच संध्याकाळी धोतर बाजूला सारून ठेवलं होतं.

कॅसेट तीन तासांची. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळायचं पथ्य तेवढं काकूनं मोडीत काढलं. जिथं थांबली तिथंच टेप राहू द्यायची, नाही तर तेच ते किती बघायचं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिचं लग्न गेले काही महिने गावात हप्त्यानं चालू आहे. हळद आषाढात झाली. मारुतीपासून परण्या निघाला तो श्रावणात, ऐन पावसात. भादव्यात अक्षता पडल्या तेव्हा शेजारच्या बायाही आल्या होत्या म्हणे, आणि मंगलाष्टकांच्या मध्येच वीज गेल्यानं वधूवर महिनाभर अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभेच राहिले, कारण काकूनं चार्जरच्या दिव्यात वाट पाहायला नकार दिला आणि अमावास्येला लावायलाही. उस्तादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'अब उनो बिगडते नै.' ते यंत्राबद्दल बोलत होते.

इकडे नांदेडला स्लॅब पडला, फरशी बसली, आणि हॉलमध्ये देवघराशेजारी मागच्या डाव्या स्पीकरसाठी अण्णांनी गवंड्याकडून आधीच एक खिळा ठोकून घेतला. सेट परत आणायला छोटा हत्ती ठरवावा म्हणून त्यांनी गावाला फोन केला. फोन काकूनं घेतला. पंगती व्हायच्या आहेत, वरात तर सगळीच राहिली आहे, एवढ्यात नेता येणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. वाटल्यास वरातीला सगळ्यांनी या, मी बोलावते. अण्णांनी, बोलता बोलता, अहेर काय आणायचा म्हणून विचारलं.

'दोन फ्यूज आणा, भावजी,' काकू म्हणाली, 'आन् ते बल्ब, पिवळा. हितं मिळंना.'